फीत कापल्यानंतर: सांगलीच्या सार्वजनिक बागांचा आढावा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. कलम 63 मध्ये करायलाच हवीत अशी कामे आहेत: पाणी, गटारे, दिवाबत्ती, सफाई. कलम 66 मध्ये ऐपत असेल आणि मनात असेल तर करावीत अशी. बागा आणि मैदाने या दुसऱ्या यादीत आहेत. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची वेगळी नोंद केली खरी, पण घटनेत नाव आले म्हणून अंदाजपत्रकात पैसे येतात असे नाही. नळाला दोन दिवस पाणी नाही आले तर पालिकेवर मोर्चा जातो. बागेतली हिरवळ उन्हाळाभर करपली तर फार तर एक फोटो छापून येतो, आणि तोही आतल्या पानावर.

हा लेख मुख्यतः सांगलीबद्दल आहे. कृष्णाकाठच्या इतर गावांतही गोष्ट फारशी वेगळी नाही, पण सांगलीत ती जरा ठळक दिसते. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे 1998 मध्ये एका महापालिकेत आली. क्षेत्रफळ सुमारे 118 चौरस किलोमीटर, 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाखांच्या थोडी वर. केंद्राच्या 2014च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. खालचा आकडा घेतला तरी या शहराला पाच चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण साडेबाराशे एकर लागतील. आमराई, प्रतापसिंह उद्यान, महावीर उद्यान, त्रिकोणी बाग अशी नाव घेण्यासारखी सगळी ठिकाणे एकत्र केली तरी आपण त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. तेव्हा बागा अपुऱ्या आहेत यावर वाद नाही. मात्र आहेत त्यांची निगा राखण्याची पद्धतच पालिकांकडे नाही, आणि नवी बाग हे बहुतेक वेळा त्या उणिवेवरचे पांघरूण असते. नवी बाग दिसते, जुनीची निगा दिसत नाही.

आमराई संस्थानकाळातली. तिच्यावर आजही लोकांचा जीव आहे, आणि त्याचे श्रेय तिथे नंतर बसवलेल्या कशालाही फारसे जात नाही. जुन्या झाडांची सावली हेच तिचे भांडवल. सकाळी फिरायला येणारे पेन्शनर, दुपारी अभ्यासाला बसणारी स्पर्धा परीक्षेची मुले, संध्याकाळी लेकरांना घेऊन येणाऱ्या बाया, सगळे त्या सावलीला येतात. प्रतापसिंह उद्यानाची ओळख एकेकाळी तिथल्या प्राण्यांमुळे होती. साठीच्या पुढचा सांगलीकर अजून तिथल्या सिंहांची गोष्ट सांगतो. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले, जागा, पशुवैद्य आणि पिंजऱ्यांचे निकष ठरले, आणि राज्यातल्या लहानसहान पालिकांची प्राणिसंग्रहालये हळूहळू मिटली. प्राण्यांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण प्राणी गेल्यावर त्या जागांचे करायचे काय, हा प्रश्न अशा अनेक गावांत वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. पालिकेला एखादी वस्तू बंद करता येते. तिचे दुसरे काही करणे मात्र तिला जड जाते.

आता नदी. पावसाळ्यात सांगलीत भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" 1929 साली बांधलेल्या त्या पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोक्याची. 2005 साली पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, ऑगस्ट 2019 मध्ये 57च्याही वर, आणि दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा 55च्या घरात. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. ते बागेच्या नकाशावर मात्र कुठेच नसतात. नदीकाठच्या बागेचे अंदाजपत्रक उघडून पाहावे: त्यात कारंजे असते, फायबरची घसरगुंडी असते, पेव्हर ब्लॉक, एलईडी खांब, रबरी फरशा असतात. जागा 40 फुटांना बुडते की 45ला, याचा रकाना नसतो.

आणि बागा तर नदीकाठीच होणार. जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. ढोबळपणे सांगायचे तर पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई, बाग आणि मैदान मात्र चालते. म्हणजे ज्या जमिनीवर दुसरे काही उभे राहू शकत नाही ती बागेच्या वाट्याला येते. माझ्या मते ही वाईट वाटणी नव्हे. पुराच्या पाण्याला पसरायला जागा हवीच, आणि ती जागा बाग असेल तर उरलेले दहा महिने लोकांना वापरता येते. सौदा चांगला आहे. फक्त बाग बुडणार हे गृहीत धरून ती आखायला हवी, आणि तेवढेच नेमके होत नाही.

पूर ओसरल्यावर बागेत काय होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कृष्णेचा गाळ बारीक, काळा, चिकण. पाणी उतरत असताना तो सायीसारखा असतो. त्याच वेळी खराट्याने आणि नळीच्या धारेने हलवला तर उतरत्या पाण्याबरोबर निघून जातो. घरे धुणाऱ्या सांगलीकरांना हे नेमके माहीत आहे, म्हणून ती माणसे गुडघाभर पाण्यातच झाडलोट सुरू करतात. पण त्या चार दिवसांत पालिकेचा एकूण एक माणूस रस्त्यावर असतो: कचरा, मेलेली जनावरे, औषधफवारणी, पाण्याचे टँकर. बागेचा नंबर शेवटी लागतो, आणि तो शेवटी लागावा हे योग्यच. तोवर ऊन पडते, गाळाला भेगा जातात, आणि वीतभर जाडीचा थर फावड्याने खणून काढावा लागतो. त्याखाली कोरियन गवताचे लॉन कुजलेले सापडते. हरळी मात्र काही आठवड्यांत गाळातूनच हिरवे कोंब वर काढते. तिला काही लागत नाही, पैसे तर नाहीच, कदाचित म्हणूनच निविदेत तिचे नाव नसते.

इतर नुकसानही ठरलेले. बोअरची मोटर पाण्यातच चालणारी असल्यामुळे बहुधा वाचते, पण भिंतीवर कमरेच्या उंचीला लावलेली स्टार्टरची पेटी जाते, आणि मग ऐन हिवाळ्यात बाग पाण्यावाचून राहते. पेव्हर ब्लॉकखालची कच वाहून जाते आणि वाट खालीवर होते. म्हाताऱ्या माणसाला ठेच लागायला तेवढे पुरे. रबरी फरशा सुटतात. सर्वांत घातकी म्हणजे पक्की कंपाउंड भिंत. ती वाहत्या पाण्याला अडवते, तिला जलपर्णी, ओंडके आणि प्लास्टिक तटते, आणि शेवटी ती आडवी होते. त्या जागी लोखंडी गजांचे कुंपण असेल तर पाणी आरपार जाते. गज वाकले तर सरळ करता येतात. स्टार्टरची पेटी खांबावर वर चढवणे, भिंतीऐवजी गज, पेव्हरऐवजी मुरमाची दाबलेली वाट, खेळणी काढून ठेवता येतील अशी नटबोल्टची, यांतले काहीच महाग नाही. उलट मूळ खर्च कमीच होतो. म्हणूनच ते होत नसावे, असे म्हणण्याचा मोह होतो.

झाडांचेही तसेच. नदीकाठची जुनी झाडे पाहिली तर कोणते लावावे हे नदीने आधीच सांगून ठेवले आहे. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज. ही आठवडाभर पाण्यात उभी राहतात आणि पुन्हा पालवतात. आपण लावतो गुलमोहर, पेल्टोफोरम, आणि सरळसोट वाढणारा तो खोटा अशोक, ज्याची ना धड सावली ना फळ. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ, वळवाच्या पहिल्या वाऱ्यालाच तो फांद्या टाकतो. भरीस भर म्हणून बुंध्याला सिमेंटचा पार. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले. आपल्याकडे सुशोभीकरणाच्या प्रत्येक नव्या कामात ते नव्याने घातले जाते. माळी आळे करतो, गवंडी ते बुजवतो. दोघांची बिले एकाच तिजोरीतून निघतात.

पैशाकडे वळू. बागेसाठी पैसा नाही, हे अर्धेच खरे आहे. बाग बांधायला पैसा येतो: जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, नगरसेवकांच्या प्रभागातली कामे, राज्याच्या नगरविकास खात्याच्या योजना. 2015 साली सुरू झालेल्या अमृत योजनेत प्रकल्पखर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हरित जागा आणि बागांसाठी राखली होती, आणि ही महापालिका त्या योजनेत होती. पण हा सगळा भांडवली खर्च. त्यातून झाड लावता येते, पुढची तीन वर्षे त्याला पाणी घालणाऱ्याचा पगार देता येत नाही. तो महसुली खर्चातून, म्हणजे घरपट्टी आणि जीएसटीच्या भरपाईतून येणार. तिथे आधीच आस्थापना, पेन्शन, वीजबिल आणि पाणीपुरवठा रांगेत उभे असतात. भांडवली कामाला भूमिपूजन असते, कोनशिला असते, फीत असते. खुरपणीला कोनशिला कोण लावणार?

बागेचा खरा हिशेब माळ्यात आहे. पूर्वीच्या पालिकांत कायम पदावरचा माळी असे. एकच माणूस पंधरा-वीस वर्षे एका बागेत. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या आंब्याला कधी मोहोर येतो, कोणती पोरे फुले तोडतात, सगळे त्याला ठाऊक. तो निवृत्त झाला की पद भरले जात नाही, आणि बाग वार्षिक देखभालीच्या कंत्राटात जाते. कंत्राट चौरस मीटरवर किंवा माणसांच्या संख्येवर निघते, दर सर्वांत कमी त्याला मिळते, आणि तो तितक्या दरात परवडतील अशी माणसे पाठवतो. आज आमराईत, उद्या गटारीवर. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याला उद्या आपण इथे असू की नाही हे माहीत नाही तो रोप कशाला जपेल? कंत्राटात गवत कापण्याच्या फेऱ्या मोजतात. किती झाडे जगली, हे मोजत नाहीत. बांधकामाच्या कंत्राटात दोषदायित्वाचा काळ असतो, फरशी उखडली तर ठेकेदाराने बदलून द्यायची. रोप मेले तर मात्र पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपणाचा नवा कार्यक्रम. तेच खड्डे, तेच पाहुणे.

पाण्याचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. एक एकर लॉन म्हणजे रोज वीस हजार लिटर, दोन मोठे टँकर. शहरात माणशी 135 लिटरचा निकष धरतात, त्या हिशेबाने हे दीडशे माणसांचे रोजचे पाणी झाले. मे महिन्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून बायका हंडे घेऊन उभ्या असताना कोणता अधिकारी गवतावर टँकर सोडेल? सोडू नयेच. उपाय दोनच दिसतात: लॉन कमी करून झाडे आणि हरळी वाढवणे, आणि सांडपाणी शुद्ध करून बागेला देणे. दुसऱ्याची कल्पना इथे नवी नाही. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत जाऊ नये म्हणून ते उपसून तासगाव तालुक्यातल्या धुळगावच्या शेतीला देण्याची योजना आखली गेली, राबवली गेली, आणि तिच्या अडखळण्याच्या बातम्याही सांगलीकरांनी वर्षानुवर्षे वाचल्या. पाणी तालुक्याबाहेर न्यायची तयारी असलेल्या शहरात ते आपल्याच बागेपर्यंत नेण्याचा विचार मागे पडतो, हे जरा गमतीचे आहे.

नव्या वस्त्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिथे सांगण्यासारखी बागच कमी. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकले गेले, त्यात मोकळी जागा सोडायची कोणाला गरज वाटली नाही. 2001च्या गुंठेवारी कायद्याने घरे नियमित झाली, पण न सोडलेली जागा कायद्याने कुठून आणणार? शामरावनगरसारख्या भागात पावसाळ्यात पाणी साचून राहते, मुलांना खेळायला रस्ताही उरत नाही. रीतसर मंजूर झालेल्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, ती असते. तिच्यावर आधी सिमेंटचा कट्टा येतो, मग पत्र्याचे छप्पर, मग मूर्ती, मग ट्रस्ट. कुठे समाजमंदिर, कुठे वाचनालय. उद्देश चांगलाच असतो, म्हणून विरोधही कोणी करत नाही. विकास आराखड्यातल्या आरक्षणांचा शेवट वेगळा. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण जाते. पालिकेकडे मोबदल्याला पैसे नसतात, आणि नकाशावरची हिरवी चौकट कागदावरच विरून जाते. कायदा नागरिकांच्या बाजूने नाही असे नव्हे. बंगळुरूत बागेची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच रद्द केला होता, आणि असा दावा आसपासचे रहिवासी करू शकतात हेही मान्य केले होते. पण कोर्टात जायला वस्तीत दोन-चार चिवट माणसे लागतात, आणि दहा वर्षांची सवड.

तुलनेला कराड घ्यावे. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि तिच्याभोवतीची बाग. मोठ्या पुरात तीही पाण्याखाली जाते. तरी ती सावरते. कराड नगरपालिका 2020च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिली आली होती, तेव्हा यंत्रणा चांगली आहे हे एक कारण. पण मला दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. कराडची मोठी बाग एक आहे आणि सगळे गाव संध्याकाळी तिथेच जाते. 25 नोव्हेंबरला यशवंतरावांच्या पुण्यतिथीला राज्यातली मोठी माणसे तिथे येतात. इतक्या डोळ्यांसमोर बाग उजाड ठेवायची कोणाची छाती होत नाही. सांगलीतही नदीकाठी वसंतदादांची समाधी आहे आणि पुण्यतिथीला तिथेही गर्दी होते. पण सांगलीची वर्दळ तीन गावांत, वीसएक ठिकाणी विखुरलेली. कोपऱ्यावरच्या वॉर्डातल्या बागेला पुण्यतिथी नसते.

बाग वापरतो कोण, हा प्रश्नही देखभालीचाच भाग आहे, जरी तो फाइलीत येत नाही. स्वच्छतागृह नसलेल्या किंवा कुलूपबंद असलेल्या बागेत बायका अर्ध्या तासाच्या वर थांबत नाहीत. दिवे गेले की सात वाजता बाग टोळक्यांची होते, आणि मग उपाय म्हणून फाटकच सहाला बंद. दुपारी अकरा ते चार बंद ठेवायची तर जुनीच रीत. भर उन्हात सावली लागते ती फेरीवाल्याला, रिक्षावाल्याला, सरकारी दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या खेड्यातल्या माणसाला, आणि नेमके तेव्हाच कुलूप. ओपन जिमची लाट आली तेव्हा प्रत्येक प्रभागात निळी-पिवळी यंत्रे उभी राहिली. बेअरिंगला वर्षातून दोनदा ग्रीस घालणे एवढीच त्यांची मागणी. ग्रीसचे लेखाशीर्ष नसल्यामुळे बरीच करकरत थांबली, आणि आता तिथे दोरी बांधून कपडे वाळत पडतात. वापर होतो आहे, एवढे मान्य करायला हवे.

ऑगस्ट 2023 मध्ये सांगली महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांचा कारभार आला. नगरसेवक नसले की बागेच्या नशिबी काय येते याचे उत्तर एकेरी नाही. कोनशिलांची हौस थांबते, पण संध्याकाळी फोन करून "मोटर बंद आहे, माणूस पाठव" म्हणणाराही राहत नाही. प्रशासकाला पत्र लिहावे लागते. पत्राला जावक क्रमांक मिळतो.

अलीकडे दत्तक योजनेचे नाव सगळीकडे घेतले जाते: बाग एखाद्या संस्थेला, बँकेला, कारखान्याला सांभाळायला द्यावी, त्यांनी फलक लावावा. सांगलीसारख्या साखर कारखाने, सहकारी बँका आणि हळदीच्या पेठेच्या शहरात हे अशक्य नाही. पण मुंबईचा अनुभव डोळ्यांआड करू नये. तिथे सांभाळायला दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाच्या फिया आल्या, आणि 2016 मध्ये नवे धोरण मंजूर होताच इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना ते थांबवावे लागले. करार करायचाच तर त्यात निदान इतके असावे: फाटक सर्वांना फुकट आणि दिवसभर उघडे, बांधकाम शून्य, मुदत तीन वर्षांच्या आत, आणि पूर ओसरल्यावर पहिल्या चार दिवसांत गाळ हलवायला किती माणसे कोणी द्यायची याचा लेखी आकडा. हे शेवटचे कलम वाचून किती संस्था सही करायला येतात ते पाहावे. न आल्या, तर त्या पैशात दोन कायमचे माळी नेमता येतील का, याचा हिशेब लेखाधिकाऱ्यांनी एकदा तरी मांडावा.